सैल टेबलावर दाबून कधी खेळायचं: बेळगावातल्या एका पोकर टेबलाचं प्रकरण

पार्श्वभूमी

टेबल उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपच्या वरच्या खोलीत बसतं. सहा जण, खेळ टेक्सास होल्डेम, पोकरचाच एक प्रकार: प्रत्येकाला दोन झाकली पानं, आणि मध्ये सगळ्यांसाठी पाच उघडी, आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), मग शेवटचं (रिव्हर). फ्लॉपआधी आणि प्रत्येक टप्प्यानंतर लावायची फेरी होते: न लावता थांबणं म्हणजे चेक, समोरच्यानं लावलेलं भरणं म्हणजे कॉल, वाढवणं म्हणजे रेज, पानं टाकणं म्हणजे फोल्ड किंवा पॅक, सगळ्या चिप्स लावणं म्हणजे ऑल-इन. मध्ये साचतो तो पॉट. पैसा लावायचा नाही हा पहिला नियम. प्रत्येकाला १०,००० चिप्स, सुरुवातीचे ब्लाइंड, म्हणजे पानं बघण्याआधी दोघांनी टाकायच्या सक्तीच्या चिप्स, ५० आणि १००. रात्रीअखेर कोण कितवा राहिला त्यावर गुण, आणि ते गुण हंगामभर वहीत चढत जातात. मी खेळत नाही. पत्ते वाटतो आणि वही ठेवतो, त्यामुळे शो झालेला, म्हणजे शेवटी पानं उघडलेला, प्रत्येक हात माझ्याकडे लिहिलेला आहे. हे प्रकरण त्याच वहीतून, खेळणाऱ्यांच्या संमतीनं आणि ओळखी झाकून मांडतो आहे.

ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे ते इंजिनिअरिंग कॉलेजात गणित शिकवतात. टेबलावर सगळे त्यांना सर म्हणतात. ते पोकर शिकले मोबाइलवर. कर्नाटकानं २०२१ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली होती. उच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२२ मध्ये ती रद्द ठरवली आणि अॅप पुन्हा सुरू झाले. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनंच पैशांच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा केला आणि तो रस्ता बंद झाला. त्यानंतर सर आमच्याकडे आले. येताना पुस्तकी शिस्त घेऊन आले: निवडक हातच खेळायचे, खेळलात तर रेज करायचं, आणि समोरचा कचरला की दाबायचं, म्हणजे मोठे आकडे लावत राहायचं.

बाकीच्या पाचांपैकी तिघे या प्रकरणात महत्त्वाचे. निपाणीचे तंबाखू व्यापारी, त्यांना सगळे मामा म्हणतात. वर्कशॉपचे मालक शेठ. आणि खानापूरकडचा तरुण ठेकेदार, दादा. तिघांचेही हात पत्त्यांवर बसले ते दिवाळीतल्या तीन पत्तीत. होल्डेम त्यांनी नंतर उचललं. ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, म्हणून तिच्यावर थोडा थांबतो.

तीन पत्तीत तीन पानांचे २२,१०० हात होतात. त्यात जोड किंवा तिच्यावरचं काही लागलेले हात ५,६६०, म्हणजे साधारण चारात एक. तिथं जोड ही खरोखर धरून बसण्याची गोष्ट. होल्डेममध्ये रिव्हरपर्यंत सात पानांतून पाच निवडायची असतात, आणि जोड किंवा तिच्यावरचं काही शंभरात ८२ वेळा लागतं. जी जोड तिकडे मोठी, ती इकडे जवळजवळ प्रत्येकाकडे असते. सीक्वेन्सचंही, म्हणजे ओळीनं लागलेल्या पानांचंही, तसंच. तीन पानांत सीक्वेन्सचे ७२० हात आणि कलरचे, म्हणजे सगळी एकाच चिन्हाची पानं असलेले, १,०९६, म्हणून तीन पत्तीत सीक्वेन्स वर. पाच पानांत सीक्वेन्स १०,२०० आणि कलर ५,१०८, म्हणून पोकरमध्ये कलर वर. नियम पाठ झाला तरी जीव सीक्वेन्समध्येच अडकतो. मामा आजही दोन टोकं उघडी असलेला, म्हणजे एका पानानं अपुरा, सीक्वेन्स सोडत नाहीत, मग चाल कितीची का येईना. त्यात तीन पत्तीचा शो फक्त दोघे उरल्यावर मिळतो, म्हणून तिथं पैसे मोजून शोपर्यंत पोचणं हाच अर्धा आनंद. तो आनंद घेऊनच ही माणसं होल्डेमला बसली आहेत.

अडचण

सर पहिल्या काही बैठकांत खालून पहिले किंवा दुसरे येत होते. कसं, ते एका हातात दिसतं.

शेठ आणि मामा दोघांनी नुसते १०० टाकले. सर बटणावर, म्हणजे प्रत्येक फेरीत सगळ्यांच्या शेवटी बोलायच्या जागेवर, इस्पिक एक्का आणि चौकट राणी घेऊन. त्यांनी ४०० केले. मोठ्या ब्लाइंडवरून दादा आला, शेठ आले, मामा आले. पॉट १,६५०. फ्लॉपवर बदाम नव्वी, बदाम अठ्ठी, किलवर चव्वी. तिघांनी चेक केलं, सरांनी १,१०० लावले. दादानं सोडलं, शेठ आणि मामा दोघांनी कॉल केला. टर्नला इस्पिक दुर्री. सरांनी ३,००० लावले. शेठनी जरा हळहळत पानं टाकली, मामांनी कॉल केला. पॉट १०,९५०. रिव्हरला चौकट राजा. सरांनी उरलेले ५,५०० पुढे ढकलले.

मामांनी पानं उचलून पुन्हा एकदा पाहिली. "नव्वीची जोड आहे की. पॅक कसं करायचं?" आणि कॉल.

सर पहिल्या तासात बाहेर. त्यांचं म्हणणं असं होतं की राजा त्यांच्याकडे असायलाच हवा अशी गोष्ट त्यांनी सुरुवातीपासून रचली होती. रेज केलं, फ्लॉपवर लावलं, टर्नवर लावलं, रिव्हरला राजा. कुठलाही विचारी खेळाडू नव्वी टाकेल. हे खरंच आहे. पण ती गोष्ट वाचायला समोर कुणीतरी हवं. मामा स्वतःची पानं बघतात, सरांची कल्पना करत नाहीत.

हिशेबानंही तो हात उभा राहत नाही. रिव्हरला १०,९५० मध्ये ५,५०० लावले तर तिनात एकदा तरी समोरच्यानं सोडायला हवं, तेव्हा कुठे बरोबरी होते. जोड हातात असताना मामा रिव्हरला सोडतात असं माझ्या वहीत फार क्वचित आहे. त्याआधी फ्लॉपवर १,६५० मध्ये १,१०० लावताना शंभरात ४० वेळा तिघांनी एकदम सोडायला हवं होतं. तिघांपैकी प्रत्येक जण निम्म्या वेळा सोडतो असं धरलं तरी तिघे एकदम सोडायची शक्यता आठात एक. एकट्यासमोर शोभणारी चाल तिघांसमोर केवळ गर्दीमुळे तोट्याची होते.

मात्र त्याच हातात एक उपयोगी खूण पडली होती आणि त्या रात्री कुणीच ती उचलली नाही. शेठनी फ्लॉपवर कॉल केला आणि टर्नवर सोडलं.

समोर असलेले पर्याय

या हातानंतर सर आणि मी एका रविवारी वही उघडून बसलो. त्यांच्यासमोर चार वाटा होत्या.

पहिली, ब्लफ, म्हणजे कमजोर पानांवर मोठं लावणं, चालू ठेवायचे पण आकडे वाढवायचे. ही त्यांनी स्वतःच लगेच बाजूला सारली. जो माणूस आकडा बघतच नाही, त्याला मोठा आकडा दाखवून काय मिळणार.

दुसरी, बाकीच्यांसारखंच सैल खेळायचं, म्हणजे जवळपास सगळे हात खेळायचे. दादानं त्यांना हाच सल्ला दिला होता: "सर, विचार काय करायलात एवढा, या की मैदानात." यात मजा आहे, पण सगळे सारखेच हात खेळत असतील तर चिप्स नुसत्या फिरत राहतात. सरांची जी शिस्त होती ती तेवढी वाया गेली असती.

तिसरी, घट्ट बसून मोठ्या पानांची वाट बघायची. ही वाट वाईट नाही, आणि बहुतेक लोक सैल टेबलावर नव्या माणसाला हेच सांगतात. अडचण अशी की आमच्याकडे ब्लाइंड वाढत जातात. कुठल्याही दोन पानांत आधीच जोड येण्याची शक्यता १७ हातांत एकदा. एक्के यायची २२१ हातांत एकदा. एका रात्रीत तेवढे हातही होत नाहीत. शिवाय वाट बघून आलेल्या चांगल्या पानांवर सर हळू खेळत, समोरचा पळून जाईल या भीतीनं. पळणारा माणूस टेबलावर नसताना ही भीती महाग पडत होती.

चौथी, सैल हा एकच शब्द बाजूला ठेवून माणसं वेगळी करायची. कोण कुठल्या फेरीत पानं टाकतो, एवढाच प्रश्न वहीला विचारायचा. सरांनी ही वाट घेतली. माझ्या मते दाबून कधी खेळायचं याचं उत्तर इथंच सुटतं, पानांपेक्षा आधी.

काय केलं

वहीतून तीन माणसं तीन तऱ्हेची निघाली. मामा सगळे हात खेळतात, स्वतः क्वचित रेज करतात आणि शेवटपर्यंत येतात. शेठही जवळपास सगळे हात खेळतात, फ्लॉपही बघतात, एक चाल देतातही, पण टर्नवर मोठा आकडा आला की बाहेर. दादा सगळे हात खेळतो आणि सगळे दाबून खेळतो, समोरून चेक आलं की त्याला राहवत नाही. बाहेरून बघणाऱ्याला तिघेही लूज, म्हणजे सैल. पण मामांवर जी चाल चालते ती दादावर उलटते.

मामांसाठी नियम सोपा ठरला: ब्लफ बंद, चांगल्या हातावर तिन्ही फेऱ्यांत लावायचं आणि आकडा मोठा ठेवायचा. पुढच्याच बैठकीत परीक्षा झाली. मामा आणि शेठ १०० टाकून आत आलेले. सर बटणावर, एक्का आणि किलवर राजा. पूर्वी ४०० केले असते, आता ६०० केले. आत आधीच दोघे असताना लहान रेज म्हणजे सगळ्यांना आमंत्रण. शेठ गेले, एकटे मामा आले. पॉट १,४५०. फ्लॉप इस्पिक राजा, चौकट सत्ती, किलवर तिर्री. सरांनी १,००० लावले, कॉल. टर्नला चौकट दश्शी. २,४०० लावले, कॉल. पॉट ८,२५०. रिव्हरला इस्पिक चव्वी.

सर थांबले ते इथं. बराच वेळ थांबले. चव्वीनं पंजी-छक्कीचा सीक्वेन्स पुरा होत होता, आणि मामा असल्या सीक्वेन्ससाठी टर्नवर २,४०० देऊ शकतात हे सगळ्यांना माहीत होतं. चेक केलं तर ८,२५० सुखरूप हातात येण्याची शक्यता मोठी. नंतर त्यांनी मला जो हिशेब सांगितला तो असा. मामांकडे राजा आणि सोबत राणी, गुलाम, नव्वी, अठ्ठी, छक्की, पंजी किंवा दुर्री असायचे ५६ मार्ग, आणि हे सगळे सरांच्या एक्क्यापुढे हरतात. दश्शीसोबत राणी, गुलाम, नव्वी किंवा अठ्ठी असायचे ४८, तेही हरतात. दुसऱ्या बाजूला राजासह दोन जोडी लागलेले २४, पंजी-छक्की १६, तीन सारखी पानं लागलेले १३. दश्शी-सत्तीसारख्या दोन जोडींचे काही मार्ग इकडे धरावे लागतात, तसे सत्तीची जोड घेऊन बसलेले मामा तिकडे. रिव्हरला लावायचं तर कॉल करणाऱ्या हातांपैकी निम्म्याहून जास्त आपल्याखाली हवेत. ते होते. सरांनी उरलेल्या ६,००० पैकी ४,००० लावले.

मामांनी बदामाचा राजा आणि छक्की उघडली. "राजा होता की माझ्याकडे." पॉट १६,२५० चा.

हा हात मला पहिल्या हातापेक्षा जास्त शिकवणारा वाटतो. सैल माणसासमोरचा आक्रमकपणा म्हणजे त्याला घाबरवणं, अशी समजूत बहुतेकांची असते. मामांसमोर तो उलट दिशेनं काम करतो: मामा येणारच आहेत, तर त्यांच्या येण्याची पूर्ण किंमत घ्यायची. तिसऱ्या फेरीतले ते ४,००० सरांनी पूर्वी टेबलावरच सोडले असते.

शेठसमोर मात्र ब्लफला जागा होती, तीही नेमक्या एका ठिकाणी. एका हातात शेठ १०० टाकून आले, सरांनी किलवरचा एक्का आणि पंजी घेऊन ४०० केले, बाकी सगळे गेले. पॉट ९५०. फ्लॉप किलवर राजा, किलवर नव्वी, चौकट तिर्री. सरांनी ५०० लावले, शेठनी कॉल केला. टर्नला बदाम सत्ती, सरांच्या काही उपयोगाची नाही. पॉट १,९५०, सरांनी १,४०० लावले. नुसता ब्लफ असता तर शंभरात ४२ वेळा शेठनी सोडायला हवं होतं. शेठ त्याहून बरेच जास्त वेळा सोडतात. आणि नाही सोडलं तरी रिव्हरला नऊ किलवरांपैकी एक यायची शक्यता पाचात एक होतीच. शेठनी नव्वी दाखवत पानं टाकली. अशी अर्धी तयार पानं, एकच माणूस समोर, आणि तो टर्नवर सोडणारा: तिन्ही जुळले तरच सर आता दोनदा लावतात. मामा त्याच हातात असते तर टर्नवर चेक करून फुकट पान बघणं बरं, असं त्यांनी ठरवून ठेवलं आहे.

दादाचं कोडं अजून पूर्ण सुटलेलं नाही. एका हातात दादानं ३५० केले, सरांनी दोन गुलाम घेऊन बटणावरून १,१०० केले, दादानं कॉल केला. इथपर्यंत उत्तम. दादा इतक्या हातांनी रेज करतो की गुलामांची जोड त्यावर सहज पुन्हा रेज करावी. पॉट २,३५०. फ्लॉप किलवर राणी, चौकट छक्की, इस्पिक दुर्री. दादानं चेक केलं, सरांनी १,२०० लावले आणि दादानं ३,६०० केले. कॉल करायला २,४०० लागत होते, चारात एकदा जिंकलं तरी पुरत होतं. सरांनी कॉल केला. टर्नला बदाम राजा आला आणि दादा ऑल-इन, ५,३००. या वेळीही साधारण चारात एकदाच जिंकायला हवं होतं. पण वर राणी आणि राजा दोन्ही दिसत असताना सरांचा हात पुढे झाला नाही. त्यांनी सोडलं. दादानं इस्पिक नव्वी आणि अठ्ठी उघडून दाखवली आणि खोलीत एकच गलका झाला.

निष्पत्ती

हंगामाच्या उत्तरार्धात सर वहीत वरच्या दोघांत स्थिरावले. हे सगळं बदललेल्या खेळाचंच फळ असं मी म्हणणार नाही. इतक्या थोड्या बैठकांत पत्त्यांची मर्जी मोठा वाटा उचलते. जे निश्चित सांगता येतं ते असं: मामांसमोर रिव्हरला उघडे पडलेले सरांचे ब्लफ वहीतून जवळपास नाहीसे झाले, आणि शोमध्ये जिंकलेले त्यांचे पॉट आकारानं वाढले.

दुसरा परिणाम टेबलावर झाला. सर तिसऱ्यांदा लावतात तेव्हा त्यांच्याकडे असतंच, हे मामांच्या लक्षात आलं आहे. परवा त्यांनी पहिल्यांदाच राणीची जोड दाखवून पॅक केली.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या हातात फ्लॉपलाच थांबणं शक्य होतं. तिघे आत, बोर्डवर, म्हणजे मधल्या उघड्या पानांत, दोन बदाम आणि लागून आलेली दोन पानं, सरांकडे फक्त एक्का-राणी आणि तीही बदामाविना. असा बोर्ड सैल खेळणाऱ्यांच्या पानांना हमखास कुठेतरी शिवतो. तिथं चेक करून पाच-दहा मिनिटांनी येणाऱ्या चांगल्या जागेसाठी चिप्स राखल्या असत्या तर नुकसान ४०० चं होतं. फ्लॉपवर एकदा लावलं, हेही मी समजू शकतो. पण दोन कॉल आल्यावर, आणि त्यातले एक मामा असताना, टर्नचे ३,००० मला कुठल्याही हिशेबात बसवता येत नाहीत.

दादाच्या हातात चूक टर्नवर झाली असं टेबलाचं मत पडलं. मला गाठ फ्लॉपवर दिसते. दादानं चेक केल्यावर सरांनीही चेक केलं असतं तर टर्नवर दादानं स्वतःहून लावलं असतं, आणि लहान पॉटमध्ये गुलामांना शांतपणे कॉल करता आला असता. सरांनी लावून त्याला रेजची जागा दिली, आणि मधल्या ताकदीचा हात मोठ्या पॉटमध्ये अडकला. दादासमोर दाबायचं ते फ्लॉपआधी, पानं चांगली असताना. नंतर दोर त्याच्या हातात द्यायचा. मात्र एकदा फ्लॉपवर कॉल केला की टर्नचं आधीच ठरलेलं हवं. ऑल-इनवर सोडायचंच असेल तर ते २,४०० देण्यात अर्थ नव्हता. सर याच्याशी पूर्ण सहमत नाहीत. त्यांच्या मते टर्नला राजा सोडून दुसरं काही आलं असतं तर त्यांनी कॉल केला असता. आम्ही यावर अजून वाद घालतो.

एक भाग दोघांनीही उशिरा पाहिला, तो ब्लाइंडचा. रात्र चढते, ब्लाइंड ५०० आणि १,००० होतात, आणि १०,००० चिप्स म्हणजे फक्त दहा मोठे ब्लाइंड उरतात. तेव्हा फ्लॉप, टर्न, रिव्हर अशा तीन फेऱ्यांत दाबायला जागाच नसते. फ्लॉपआधी ऑल-इन किंवा फोल्ड, एवढंच राहतं. घट्ट टेबलावर तिथं किरकोळ पानांनीही ऑल-इन करून ब्लाइंड उचलता येतात. आमच्याकडे मामा मागे बसलेले असतील तर कुणीतरी बघायला येणार हे धरूनच चालावं लागतं. म्हणून सर आता त्या वेळी जोड, मोठ्या पानासह एक्का किंवा राजा-राणी यांच्यावरच पुढे जातात, आणि मामांनी आधीच पानं टाकलेली असतील तर यादी थोडी सैल करतात.